बाभळीचे नाव आणि मगरीचे गोत्र : वाचकांचे प्रश्न

मागील अंकातील मगरीवरच्या लेखात मी ओघात एक वाक्य लिहून गेलो होतो: वंशाच्या हिशेबाने पाहिले तर मगर घोरपडीपेक्षा कावळ्याला अधिक जवळची आहे. लेख मगरीच्या घरट्यांविषयी होता, पण पत्रे आली ती बहुतेक या एका वाक्यावर. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तर देत आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : मी चिपळूण परिसरातील एका शाळेत विज्ञान शिकवते. वाशिष्ठीच्या काठावर पडलेली मगर आमच्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातली आहे. ती खवलेवाली, थंड रक्ताची आणि सरपटणारी असल्यामुळे सरीसृप वर्गात येते, असे आम्ही शिकवतो. आपले वाक्य खरे असेल, तर पाठ्यपुस्तकातला हा वर्ग चुकीचा समजायचा का?

उत्तर : पाठ्यपुस्तकात मगरीविषयी जे लिहिले आहे, त्यातले एकही वाक्य खोटे नाही. वाद आहे तो त्या वाक्यांवरून गट पाडावा की नाही, याचा.

मगर आणि पक्षी यांचा शेवटचा समान पूर्वज सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला. घोरपडीकडे जाणारी वाट त्याच्याही आधी वेगळी झाली होती. म्हणून मगर आणि कावळा ही चुलत भावंडे धरली, तर घोरपड त्या दोघांचीही आणखी एका पिढीने दूरची भावंड ठरते. मगरीच्या हृदयाला पक्ष्यांप्रमाणे पूर्ण वेगळे झालेले चार कप्पे असतात, घोरपडीच्या हृदयात मात्र खालचा कप्पा पुरता विभागलेला नसतो. मगरीची मादी घरट्यावर राखण करते आणि पिल्ले अंड्यांतून बाहेर आली की त्यांना तोंडात धरून पाण्यापर्यंत नेते, हे आपल्या विद्यार्थ्यांपैकी एखाद्याने कदाचित डोळ्यांनी पाहिलेही असेल. आता खवल्यांचे काय? खवले आणि थंड रक्त ही वडिलोपार्जित मिळकत आहे. ती मगरीने सांभाळली, घोरपडीने सांभाळली, पक्ष्यांनी मात्र तिच्यात मोठे फेरफार केले. दोन भावांनी जुने घर तसेच ठेवले आणि तिसऱ्याने पाडून नवे बांधले, एवढ्यावरून ते दोघे एकमेकांचे सख्खे आणि तिसरा परका ठरत नाही.

वडिलोपार्जित लक्षण आणि नवे लक्षण यांतला हा भेद वर्गीकरणाच्या केंद्रस्थानी आणला, तो माशांचा अभ्यास करणाऱ्या विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने. माशा म्हणजे येथे घरमाशीचे जातभाई, पाण्यातले मासे नव्हेत. त्याचे पुस्तक १९५० साली जर्मनमध्ये आले आणि १९६६ च्या इंग्रजी आवृत्तीनंतर त्यावर जगभर भांडणे झाली. हेनिगचे म्हणणे असे की, खरा गट म्हणजे एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज, त्यांतला एकही न वगळता. अशा गटाला क्लेड म्हणतात. सरीसृप वर्गात मगर, कासव, साप आणि घोरपड घेतली आणि त्याच पूर्वजाचे वंशज असलेले पक्षी बाहेर ठेवले, तर तो गट हेनिगच्या कसोटीला उतरत नाही. सातबाऱ्यावरून एका वारसाचे नाव परस्पर कमी करावे, तसा तो प्रकार आहे.

याला विरोध करणारेही लहान माणसे नव्हते. उत्क्रांतीचे अभ्यासक अर्न्स्ट मायर यांच्या मते वंशवृक्षाची फांदी कुठे फुटली, ही माहिती अर्धीच होय. फुटल्यानंतर ती किती दूर गेली, हेही वर्गीकरणात उमटले पाहिजे. पक्ष्यांनी पिसे, उड्डाण आणि उष्ण रक्त मिळवून एक सर्वस्वी नवे जीवन उभे केले. त्यांना मगरीच्या शेजारी बसवून ही झेप झाकून टाकणे हा त्यांच्या मते अन्याय होता, आणि या म्हणण्यात मला आजही तथ्य वाटते. अडचण एवढीच आहे की ‘किती दूर’ हे मोजण्याची पट्टी कोणाजवळ नाही. पिसे आली म्हणून नवा वर्ग करायचा असेल, तर पाय गेले म्हणून सापांचाही करायला हवा होता. तो कोणी केला नाही आणि का केला नाही, याला सवयीपलीकडे उत्तर नाही. हेनिगच्या बाजूने कौल गेला तो बराचसा या कारणाने. फांदी कुठे फुटली या प्रश्नाला निसर्गात एक उत्तर असते, आपल्याला ते सापडो वा न सापडो. फरक केवढा मोठा मानायचा, हे मात्र माणसे ठरवतात. पण गट करताना पहिलाच प्रश्न विचारायचा आणि दुसरा सोडून द्यायचा, हेदेखील माणसांनीच ठरवले आहे, आणि हे हेनिगचे अनुयायी पुष्कळदा विसरतात.

मुलांना काय सांगावे? वर्ग चुकीचा आहे असे सांगण्याची गरज नाही. मगर, घोरपड आणि कावळा यांची वंशावळ फळ्यावर काढा आणि ‘सरीसृप’ हे नाव तिच्यातल्या नेमक्या कोणत्या भागाला देता येईल, हे त्यांनाच विचारा.

प्रश्न : लहानपणी आम्हाला शिकवले की देवमासा हा मासा नाही. आता नातू सांगतो की माणूस हाच एक प्रकारचा मासा आहे. हे शास्त्र आहे की शब्दांचा खेळ?

उत्तर : दोन्ही थोडे थोडे आहे, असे म्हणून मी सुटू शकलो असतो. पण आपल्या नातवाच्या म्हणण्यात एक नेमका मुद्दा आहे.

मासळीबाजारात कोळिणीच्या पाटीत मुशी (लहान शार्क) आणि बांगडा शेजारी शेजारी पडलेले असतात. दोन्ही पाण्यातले, दोन्ही कल्ले आणि पर असलेले, दोन्ही म्हावरे. पण बांगड्याचा सांगाडा हाडांचा आहे आणि मुशीचा कूर्चेचा. हाडांचे मासे ज्या शाखेत येतात, तिच्यातूनच पुढे चार पायांचे प्राणी निघाले. त्यामुळे बांगड्याचे नाते मुशीशी जितके आहे, त्याहून ते गिऱ्हाइकाशी अधिक जवळचे आहे. फुप्फुसमासा तर त्याच्याही पुढे जातो, कारण तो बांगड्यापेक्षा गाईला जवळचा आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये यावर मोठा वाद रंगला होता, तो सॅमन, फुप्फुसमासा आणि गाय या त्रिकुटावरूनच. ‘मासे’ हा गट क्लेड करायचा असेल, तर गाय, बेडूक, कावळा आणि आपण या सर्वांना त्यात घ्यावे लागते. घ्यायचे नसेल, तर ‘मासे’ हा वंशाचा गट नव्हे, हे मान्य करावे लागते. नातू पहिली वाट धरतो, बहुतेक प्राणिशास्त्रज्ञ दुसरी. दोघे ज्या वंशवृक्षाकडे पाहत आहेत, तो मात्र एकच आहे.

देवमाशाची गोष्ट याहून जुनी आहे. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनिअसने आपल्या ‘सिस्टेमा नॅचुरे’ या ग्रंथाच्या १७३५ च्या पहिल्या आवृत्तीत देवमाशांना माशांतच ठेवले होते आणि १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्यांना सस्तन प्राण्यांत नेले. साठ वर्षांनी, डिसेंबर १८१८ मध्ये, न्यूयॉर्कच्या न्यायालयात हाच प्रश्न पैशांसाठी उभा राहिला. माशांच्या तेलाची तपासणी करून घेऊन तिचे शुल्क भरण्याचा कायदा होता आणि एका व्यापाऱ्याने देवमाशाच्या तेलाची पिंपे तपासणीविना घेतली होती. सॅम्युएल मिचिल या नामवंत निसर्गशास्त्रज्ञाने साक्षीत सांगितले की देवमासा हा मासा नव्हे. ज्यूरीने थोड्याच वेळात निकाल दिला की तो मासा आहे. पुढच्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन देवमाशाचे तेल त्यातून वगळले गेले.

ज्यूरीला अडाणी ठरवून हसणे सोपे आहे. परंतु कायदा करणाऱ्यांना ‘मासा’ या शब्दाने तेलाच्या बाजारातला माल अभिप्रेत होता की प्राण्याचा वंश, हा प्रश्न तिच्यासमोर होता आणि तो खराच प्रश्न आहे. जॉन ड्यूप्रे या तत्त्वज्ञाने पुढे हेच पद्धतशीर मांडले: जगाचे विभाग पाडण्याच्या अनेक रीती असतात, त्या सगळ्या खऱ्या असू शकतात आणि जीवशास्त्रज्ञाची रीत स्वयंपाक्याच्या रीतीला रद्द करत नाही. हे मला येथपर्यंत मान्य आहे. तेवढ्यावरून सगळ्या रीती सारख्याच मोलाच्या, असे मात्र निघत नाही. म्हावरे म्हणजे काय हे कळल्याने कालवण चांगले होईल. पण मुशीच्या अंगात हाडे का नाहीत, हे त्यातून कधीच कळणार नाही.

आपल्याकडे जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज अशी विभागणी होती. तिच्यात ‘ज’ आहे, म्हणजे जन्म आहे, परंतु तो जन्माचा प्रकार आहे, वंश नव्हे. त्या हिशेबाने मगर आणि कावळा दोघेही अंडजांत एकत्र येतात, हा केवळ योगायोग. घोरपड आणि बांगडाही तेथेच असतात.

प्रश्न : मी पुण्यात तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी आहे. वंशावरून जात ठरत असेल, तर ‘वाघ’ हे ‘सोने’ या शब्दासारखे प्रकारवाचक नाम राहते का? की ते ‘शिवाजी’सारखे विशेषनाम होते?

उत्तर : प्रथम शब्दांविषयी. मराठी शास्त्रीय परिभाषेत ‘स्पीशीज’ला जाती आणि त्यावरच्या पायरीला प्रजाती म्हणण्याचा प्रघात होता. वर्तमानपत्रांनी हल्ली जातीलाच प्रजाती म्हणायला सुरुवात केली आहे. मी जुना प्रघात पाळतो.

आपला प्रश्न नेमका तोच आहे, जो जीवशास्त्रज्ञ मायकेल घिसेलिन यांनी १९७४ मध्ये आणि पाठोपाठ तत्त्वज्ञ डेव्हिड हल यांनी मांडला. सोने कुठेही सापडो, त्याच्या अणूत ७९ प्रोटॉन असले की ते सोने. ते कोठून आले, हे कोणी विचारत नाही. दुसऱ्या एखाद्या ग्रहावर पट्टेदार, डरकाळी फोडणारा आणि पेशीपेशीने आपल्या वाघासारखा प्राणी स्वतंत्रपणे निर्माण झाला, तर मात्र वंशावरून जाती ठरवणारा त्याला वाघ म्हणणार नाही, कारण तो या वंशातला नाही. उलट, उद्या एखादे बछडे पट्ट्यांशिवाय जन्मले तरी ते वाघच. म्हणजे वाघ असण्यासाठी अंगात अमुक एक गुण असावा लागत नाही, अमुक ठिकाणाहून आलेले असावे लागते. घिसेलिन आणि हल यांनी यावरून निष्कर्ष काढला की जाती ही वर्ग नव्हे, तर काळात जन्मणारी, पसरणारी आणि एकदा संपली की पुन्हा न येणारी एक व्यक्ती आहे, आणि आपण प्रत्येक जण तिचे उदाहरण नसून तिचा अवयव आहोत.

हे ऐकायला विचित्र वाटते, पण व्यवहारात त्याचा प्रत्यय येतो. भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आणले गेले तेव्हा ‘चित्ता परतला’ असे मथळे झळकले. परतला कोण? जाती हीच व्यक्ती मानली, तर तिचा एक अवयव तुटला होता आणि दुसऱ्या अवयवाचा तुकडा तेथे लावला गेला. नाहीसा झालेला आशियाई चित्ता वेगळ्या उपजातीचा होता आणि तो आज इराणात थोडाफार उरला आहे. प्रकार म्हणून पाहिले, तर चित्ता परतला. वंश म्हणून पाहिले, तर जुन्या घरात चुलतभाऊ राहायला आला.

या मतातली अडचणही सांगितली पाहिजे. व्यक्तीला कडा असतात. जातीच्या कडा कुठे आहेत? हिवाळ्यात आपल्या सह्याद्रीतल्या झाडांवर एक हिरवट, जेमतेम आठ-दहा ग्रॅम वजनाचा वटवट्या येतो. त्याची वीण हिमालयात आणि त्याहून उत्तरेला होते. तिबेटच्या पठाराच्या पश्चिमेने आणि पूर्वेने त्याच्या वस्त्या वळसा घालून सैबेरियापर्यंत गेल्या आहेत. पश्चिमेने जात राहिलो तर गाणे थोडे थोडे बदलत जाते, पूर्वेने गेलो तरी तसेच, परंतु बदलाची दिशा वेगळी. सैबेरियात ही दोन टोके एकत्र येतात, तेव्हा तेथले पक्षी एकमेकांना ओळखीत नाहीत आणि त्यांच्यात जोड्या जमत नाहीत. २०१४ मधल्या जनुकीय अभ्यासात या साखळीत पूर्वी काही ठिकाणी खंड पडून गेल्याचे दिसले, त्यामुळे उदाहरण पूर्वी वाटत होते तितके नितळ राहिलेले नाही. तरीही प्रश्न शिल्लक आहे: टोकांना जाती दोन, मग मध्ये किती?

दुसरी अडचण हेनिगच्या घरातलीच आहे. गट म्हणजे पूर्वज आणि सगळे वंशज, असे म्हटल्यावर पूर्वज असलेल्या जातीचे काय करायचे? ती एकटी घेतली तर वंशज बाहेर राहतात. हेनिगने यावर तोड काढली की फाटा फुटला की मूळ जाती संपली असे मानायचे. हे वाटणीसारखे आहे: खातेफोड झाली की एकत्र कुटुंब कागदावर संपते, मग थोरला भाऊ त्याच घरात, त्याच चुलीवर जेवत असला तरी. एखाद्या बेटावर चार पक्षी वाऱ्याने जाऊन पडले आणि त्यांची नवी जाती झाली, म्हणून मुख्य भूमीवरचे लाखो पक्षी, ज्यांच्यात काडीचाही फरक पडला नाही, तेही नव्या जातीचे झाले असे मानणे मला हिशेबाची सोय वाटते. त्याला निसर्गातली घटना म्हणणे कठीण आहे.

प्रश्न : पूर्वज कोणी पाहिलेला नाही. लक्षणांवरून वंश ठरवायचा आणि वंशावरून लक्षणांचा अर्थ लावायचा, हे चक्र नव्हे का?

उत्तर : आरोप जुना आहे आणि पूर्णपणे निराधार नाही. शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४३ मध्ये समान अवयवाची व्याख्या केली तेव्हा तिच्यात वंशाचा उल्लेखही नव्हता. वेगवेगळ्या प्राण्यांतला, रूप आणि काम कितीही बदलले तरी ‘तोच’ असलेला अवयव, एवढेच त्यांचे म्हणणे होते. डार्विननंतर ‘तोच’ याचा अर्थ ‘एकाच पूर्वजाकडून आलेला’ असा झाला आणि आपण म्हणता ते चक्र सुरू झाले. १९८० च्या सुमारास काही वर्गीकरणकार तर येथवर गेले की आधी उत्क्रांती गृहीत न धरता गट पाडावेत आणि मग त्यांचा अर्थ लावावा.

चक्रातून बाहेर पडण्याची वाट अशी की कोणतेही एक लक्षण पुरावा म्हणून मान्य करायचे नाही. ते एक सूचना समजायचे आणि बाकीची लक्षणे तिच्याशी जुळतात का, ते पाहायचे. गिधाडांचे घ्या. आपले गिधाड आणि अमेरिकेतले गिधाड यांची डोकी जवळपास सारखीच बोडकी. पण हाडे, जनुके आणि बाकी सगळी साक्ष घेतली की आपले गिधाड गरुडाच्या कुळात जाऊन बसते आणि अमेरिकेतले वेगळे राहते. मढ्यात डोके खुपसून खाणाऱ्याला पिसे नकोतच, म्हणून तो बोडकेपणा दोन ठिकाणी स्वतंत्रपणे आला. याउलट २००३ मध्ये बिजू आणि बोस्युट या संशोधकांनी पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातून एक जांभळा, टोकदार नाकाचा बेडूक जगापुढे आणला. तो वर्षभर जमिनीखाली राहतो आणि पावसाच्या तोंडावर थोडे दिवस विणीसाठी बाहेर येतो. रूपावरून त्याला इतर बिळकरी बेडकांच्या पंगतीत बसवता आले असते, पण जनुकांनी त्याचे नाते हिंदी महासागरापलीकडच्या सेशेल्स बेटांवरच्या चिमुकल्या बेडकांशी जोडले. सेशेल्स आणि भारत एकेकाळी एकाच भूखंडाचे भाग होते, हे भूगर्भशास्त्राने बेडकाला न विचारता आधीच सांगितले होते. दोन साक्षीदारांनी एकमेकांना न भेटता एकच हकिगत सांगावी, तसे हे आहे.

एक गृहीतक मात्र उरतेच. अनेक शक्य वंशवृक्षांपैकी कमीत कमी बदल मानावे लागतील तो निवडायचा, असा नियम बराच काळ वापरला गेला. निसर्ग काटकसरी असतोच, असे कोणी सांगितले? जीवशास्त्रज्ञ जोसेफ फेल्सेनस्टाईन यांनी १९७८ मध्ये दाखवले की काही शाखा फार वेगाने बदलत असतील, तर हा नियम चुकीच्या वृक्षाकडे नेतो आणि माहिती वाढवावी तसतशी चूक अधिक ठाम होत जाते. म्हणून आज बदलाच्या वेगाविषयीची गृहीतके उघडपणे मांडून हिशेब करतात. गृहीतके गेलेली नाहीत, पण ती आता दिसतात.

प्रश्न : सातारा जिल्ह्यात आमच्याकडे खपली गहू पेरतात. खपलीपासून साधा गहू झाला असे ऐकतो. मग गव्हाचा बाप खपली म्हणावा का?

उत्तर : एक पालक म्हणावा. खपलीच्या दाण्याला भुसा घट्ट चिकटलेला असतो आणि तो कांडल्याशिवाय सुटत नाही, हे आपण जाणताच. त्या दाण्याच्या पेशीत २८ गुणसूत्रे असतात. ती मुळात दोन वेगळ्या रानटी गवतांच्या संकरातून एकत्र आलेली. पुढे काही हजार वर्षांपूर्वी खपलीच्या गटातल्या गव्हाचा कॅस्पियन समुद्राच्या बाजूला आणखी एका रानगवताशी संकर झाला, त्याची १४ गुणसूत्रे मिळाली आणि ४२ गुणसूत्रांचा आपला पोळीचा गहू तयार झाला. म्हणजे त्याच्यात तीन घराणी नांदत आहेत.

वंशावरून वर्गीकरण करणाऱ्यांना हा गहू अवघड जातो, कारण त्यांचे चित्र झाडाचे आहे. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथात आकृती एकच आहे आणि ती फुटत जाणाऱ्या फांद्यांची आहे. फांद्या फुटतात, पुन्हा जुळत नाहीत, या एका गृहीतावर क्लेडची व्याख्या उभी आहे. वनस्पतींत त्या सर्रास जुळतात. जिवाणू तर शेजाऱ्याकडून जनुके उसनी घेतात आणि शेजारी परक्या कुळातला असला तरी त्यांना चालते. आपल्या स्वतःच्या पेशींतली, त्यांना ऊर्जा पुरवणारी मायटोकाँड्रिया एकेकाळी स्वतंत्र जिवाणू होती, हे जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये पुढे आणलेले मत आता सर्वमान्य आहे. तेव्हा आपल्यालाही निदान दोन घराणी आहेतच. जेथे संकराचा काही संबंध नाही, तेथेही जनुकांचा आणि जातींचा वृक्ष तंतोतंत जुळत नाही. माणसाचा सर्वांत जवळचा नातेवाईक चिंपांझी, यात शंका नाही. तरी २०१२ मध्ये गोरिलाचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्याच्या सुमारे ३० टक्के भागात गोरिला हा माणसाला किंवा चिंपांझीला, ते दोघे एकमेकांना आहेत त्याहून जवळचा निघाला. भाऊ-बहीण एकाच आईबापांची असली, तरी आजीचा अमुक एक दागिना बहिणीऐवजी चुलत बहिणीकडे जातो, तसे हे झाले.

गव्हापुरते सांगायचे तर वंशावळ काढा, पण तिला झाडाऐवजी नदीचे रूप द्या, जिच्यात दोन ओढे येऊन मिळतात.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या आवारातल्या झाडांना पाट्या लावायच्या आहेत. बाभळीचे शास्त्रीय नाव जुन्या पुस्तकात अकेशिया निलोटिका आणि नव्यात व्हॅचेलिया निलोटिका आहे. ऑस्ट्रेलियन बाभळीचे मात्र अकेशियाच. मूळची बाभूळ आमची आणि नाव परक्या झाडाला, हे कसे?

उत्तर : आपला राग मी समजू शकतो. आपल्या आवारात खैर असेल तर तिन्ही झाडे जवळून पाहा. बाभळीचे काटे सरळ, पांढरट आणि जोडीने येतात. खैराचे आखूड आणि आकड्यासारखे वळलेले असतात आणि कपड्यात अडकतात. कोकणात रस्त्याकडेला लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीला काटे नाहीतच. तिचे जे पान दिसते, ते पानही नव्हे. तो चपटा झालेला देठ आहे. रोप अगदी लहान असताना मात्र त्याला पहिली एक-दोन पाने बाभळीसारखी बारीक पिसासारखी येतात. पिवळ्या फुलांमुळे आणि शेंगांमुळे ही सगळी पूर्वी अकेशिया या एका प्रजातीत होती. जनुकीय अभ्यासात दिसले की हा गट एका पूर्वजाचा नाही. तो मोडणे भाग होते, आणि येथपर्यंतचा निर्णय निसर्गाच्या साक्षीवर झाला.

पुढचा निर्णय माणसांचा होता. फिलिप मिलर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५४ मध्ये अकेशिया ही प्रजाती मांडली, तिचा प्रातिनिधिक नमुना आपली बाभूळच होती. नियमाप्रमाणे जुने नाव तिच्याकडे राहायला हवे होते. परंतु ऑस्ट्रेलियातल्या जाती हजाराच्या घरात असल्याने तेवढी नावे बदलावी लागली असती, म्हणून २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत नमुनाच बदलून ऑस्ट्रेलियातला घेण्याची शिफारस आली. निम्म्याहून अधिक मते तिच्या विरोधात पडली, पण ती फेटाळण्यासाठी ६० टक्के मते लागत होती. शिफारस टिकली आणि २०११ मध्ये मेलबर्नला तिच्यावर शिक्कामोर्तब झाले. खैर सेनेगालियात गेला, बाभूळ व्हॅचेलियात. व्हॅचेल हे ईस्ट इंडिया कंपनीच्या चीनमधल्या एका पाद्र्याचे आडनाव, त्याचा निलोटिकाशी म्हणजे नाईलशीही काही संबंध नाही. नावे आणि पायऱ्या यांच्या या कटकटीला कंटाळून काहींनी प्रजाती, कुल, गण या पायऱ्याच सोडून फक्त क्लेडना नावे देणारी नियमावली तयार केली आहे. ती २०२० पासून अमलात आहे. परिषदांतली मतमोजणी तिच्यामुळे थांबेल, असे मला वाटत नाही.

मला विचाराल तर पाटीवर सर्वांत वर मोठ्या अक्षरांत ‘बाभूळ’ लिहा, खाली ‘व्हॅचेलिया निलोटिका’, आणि त्याखाली लहान अक्षरांत ‘पूर्वीचे नाव अकेशिया निलोटिका’. वेड्या बाभळीला पाटी लावणार असाल, तर तिच्या नावातल्या ‘बाभूळ’वर विसंबून तिला या तिघांच्या रांगेत बसवू नका. ती वेगळ्याच प्रजातीतली आहे, आणि तिला पाटी लावण्यापेक्षा काढूनच टाकावे, असे आवारातल्या बाकीच्या झाडांचे मत असणार.